काला अंब : नाद, गंध आणि स्पर्श यांच्या वाटेने एक वाचन

१

पानिपताविषयीचे मराठी लेखन विपुल आहे. भाऊसाहेबांची बखर आणि रघुनाथ यादवाची बखर, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड, त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा १९४६ साली इंग्रजीत व १९६१ साली मराठीत आलेला ग्रंथ, विश्वास पाटील यांची १९८८ सालची ‘पानिपत’ ही कादंबरी, अशी ही परंपरा अडीचशे वर्षांवर पसरलेली आहे. या परंपरेत युद्धाची कारणे, व्यूहरचना, सेनापतींचे स्वभाव आणि पराभवाची मीमांसा यांची चर्चा सूक्ष्मपणे झाली. मात्र ज्या भूमीवर हे सारे घडले ती भूमी बहुधा नकाशावरील एका बिंदूपुरती उरली. तिथे आज काय आहे, तिथे जाणाऱ्या माणसाच्या कानांवर काय पडते, नाकाला काय जाणवते, हाताला काय लागते, हे प्रश्न साहित्याभ्यासाच्या कक्षेत आलेले नाहीत.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांना कक्षेत घेण्याचा प्रयत्न आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेला पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर ‘काला अंब’ हे स्मारक आहे. मध्यभागी विटांचा साधा स्तंभ, त्याच्या शिरावर लोखंडी दांडा, भोवती लोखंडी कुंपण आणि सभोवार उद्यान असे त्याचे ढोबळ स्वरूप. वर्षातील बहुतेक दिवस ही जागा म्हणजे आसपासच्या लोकांचे फिरायला, बसायला, मुलांना खेळवायला येण्याचे छोटेसे उद्यान असते. १४ जानेवारीला मात्र ती मराठ्यांच्या पराक्रमाचे आणि पराभवाचे तीर्थ बनते. एकाच भूखंडावर ‘बाग’ आणि ‘रणभूमी’ या दोन संहिता एकमेकींवर लिहिल्या गेल्या आहेत. त्या कशा वाचाव्यात, हा आपला प्रश्न आहे. आणि त्याला तातडीही आहे. २०२५ सालच्या १४ जानेवारीस महाराष्ट्राचे मुख्यमंत्री येथे आले होते, आणि त्यानंतर २०२५-२६ च्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात पानिपत येथे मराठा शौर्याचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. जागेचे रूप बदलण्याचे ठरत असताना ती आज इंद्रियांना काय देते याची नोंद करणे, हे समीक्षेचेच काम आहे.

२

आपल्या काव्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे दोन भाग केले. घ्राण आणि त्वचा यांना या वर्गीकरणात जागा मिळाली नाही. पाश्चात्त्य सौंदर्यविचारातही डोळा व कान ही ‘उच्च’ इंद्रिये आणि उरलेली ‘नीच’, अशी उतरंड ग्रीकांपासून चालत आली. कारण असे देण्यात येते, की गंध, रस आणि स्पर्श यांत अंतर राखता येत नाही. वस्तू देहाला भिडते, आणि जिथे अंतर नाही तिथे आस्वादाची तटस्थताही नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) मराठी वाचकाला तटस्थतेच्या या सिद्धान्ताची आणि त्याच्या अडचणींचीही ओळख करून दिली आहे.

पण दर्शनांकडे वळल्यास चित्र निराळे दिसते. न्याय-वैशेषिकांच्या मांडणीत गंध हा पृथ्वीचा, स्पर्श हा वायूचा आणि शब्द हा आकाशाचा विशेष गुण मानला आहे. याचा अर्थ असा, की माती, वारा आणि मोकळे आकाश यांच्याशी आपला संबंध डोळ्यांच्या आधी या तीन इंद्रियांनी जुळतो. उद्यान म्हणजे तरी दुसरे काय? मातीचा एक तुकडा, त्यावर वाहणारा वारा आणि इमारतींमधून मोकळे ठेवलेले आकाश. गेल्या अर्धशतकातील पाश्चात्त्य विचारही याच दिशेने सरकला आहे. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७७ सालच्या ग्रंथात एखाद्या स्थळाच्या ध्वनींचा समग्र पट वाचण्याची रीत मांडली. सतत मागे वाहणारा आधारध्वनी, लक्ष वेधणारा संकेतध्वनी आणि त्या समाजाला ओळख देणारा खूणध्वनी, असे भेद त्यांनी केले. भूगोलज्ञ डग्लस पोर्टियस यांनी १९८५ साली ‘गंधपटा’ची संकल्पना पुढे आणली. फिनिश वास्तुविशारद युहानी पल्लास्मा यांनी १९९६ साली वास्तुकलेतील डोळ्यांच्या सत्तेविरुद्ध त्वचेची बाजू मांडली.

मराठी समीक्षेला हे सर्वस्वी परके नाही. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीचा विचार संवेदनांच्या लयबद्ध रचनेच्या अंगाने केला आणि संवाद, विरोध व समतोल ही तीन तत्त्वे सांगितली. ही तत्त्वे त्यांनी बागेला लावली नाहीत. परंतु बागेत बसलेला माणूस नेमका याच तत्त्वांनी सुखावत असतो. रस्त्याच्या कोलाहलाशी पानांच्या सळसळीचा विरोध, उन्हातून सावलीत येताना त्वचेला जाणवणारा समतोल, ओल्या मातीचा वास आणि थंड वारा यांचा संवाद, हे त्या सुखाचे व्याकरण आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) हे व्याकरण मराठी गद्यात आणून दाखवले.

३

आरंभ नावापासून करू, कारण हे स्थळ मराठी माणसाला प्रथम कानांनी भेटते. ‘काला अंब’ हे नाव अनुवादाविना समजते. संस्कृत ‘आम्र’, प्राकृत ‘अंब’, पंजाबी ‘अंब’, मराठी ‘आंबा’, अशी ही एकाच कुळाची नावे आहेत. प्रमाण हिंदीतील ‘आम’पेक्षा हा ‘अंब’ मराठी कानाला जवळचा आहे. ‘काला’ या शब्दाची गंमत याहून सूक्ष्म आहे. फलकावर तो हिंदीच्या रीतीने ‘ल’ने लिहिलेला असतो, मात्र हरियाणवी बोलीत ‘ळ’ आहे, आणि तिथला शेतकरी आपल्या तोंडाने ‘काळा’ म्हणतो. मराठी पाहुणाही मनात ‘काळा’च म्हणतो. म्हणजे लिखित नावाने झाकलेला एक ध्वनी यजमान आणि पाहुणा या दोघांच्या जिभेवर समान आहे. ज्यांच्यात एरवी भाषेचा दुवा नाही, त्यांच्यात एका मूर्धन्य व्यंजनाचा दुवा असावा, ही गोष्ट तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगी आहे. हरियाणातील रोड समाज स्वतःचे नाते पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांशी सांगतो. त्या दाव्याचा ऐतिहासिक निर्णय वेगळ्या साधनांनी व्हावयाचा आहे, आणि या ध्वनीचा पुरावा म्हणून उपयोग करता येणार नाही, कारण ‘ळ’ त्या बोलीचा स्वतःचा आहे. तरीही तो आपुलकीचे निमित्त होतो, एवढे खरे.

आता मराठी भाषेतील ‘पानिपत’ ऐका. ‘पानिपत होणे’, ‘विश्वास पानिपतात गेला’, ‘संक्रांत कोसळणे’ हे वाक्प्रयोग या प्रसंगाभोवती आपल्या बोलण्यात वावरतात. यांपैकी संक्रांतीचा संबंध तर कालगणनेच्या दृष्टीने सैल आहे. १४ जानेवारी १७६१ हा पौष शुद्ध अष्टमीचा दिवस. अयनचलनामुळे त्या काळी मकरसंक्रांत आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधी येत असे. भाषेने मात्र दोन तारखांची गाठ घातली आणि ती आता सुटणारी नाही. याहून अर्थपूर्ण आहे तो ‘लाख बांगडी फुटली’ हा उद्गार. पानिपताच्या मराठी स्मृतीतील हा सर्वांत ठसठशीत ध्वनी आहे. तो तोफेचा नाही, रणवाद्याचा नाही. तो काचेचा आहे. आणि तो पानिपतावर झालेलाच नाही. तो वाईच्या, पुण्याच्या, साताऱ्याच्या, गावोगावच्या माजघरांत झाला. रणभूमीवरील बातमी महाराष्ट्रात पोहोचली तीही एका व्यापाऱ्याच्या सांकेतिक निरोपातून, असे परंपरा सांगते; त्यात माणसांचे मोती, मोहरा आणि खुर्दा झाले होते. आकड्यांच्या त्या मूक भाषेला घराघरांतील बांगड्यांनी आवाज दिला.

परिणामी मराठी माणूस काला अंबला येतो तेव्हा एक ऐकलेला ध्वनी घेऊन येतो, आणि तो ध्वनी या जागेत नसतो. येथे असतो तो उत्तरेच्या सपाट शेतीप्रदेशाचा आधारध्वनी : दूरच्या रस्त्यावरील मालमोटारी, पंपाची एकसुरी धडधड, सातभाईंचा कलकलाट, उन्हाळ्यात कोकिळेची साद, कुठे टिटवी. स्थानिक माणसाला हा ध्वनी सुखाचा आहे, कारण तो शहरातील यंत्रमागांच्या खडखडाटातून येथे आलेला असतो. पानिपत हे हातमाग आणि यंत्रमागाचे शहर. ज्याचा दिवस मागाशेजारी जातो त्याला पक्ष्यांचा कलकलाटही शांतता वाटते. शांतता ही मोजून ठरणारी वस्तू नव्हे. ती आधीच्या आवाजाशी असलेल्या विरोधातून जन्मते. मराठी पाहुण्याला मात्र हीच शांतता रिती वाटते, आणि ती भरून काढण्यासाठी १४ जानेवारीला घोषणा, ढोल-ताशे आणि ध्वनिवर्धक येतात. या घोषणांमागील भावना खोटी नाही. परंतु आपण जी रिती जागा भरतो ती इतर कुणासाठी भरलेलीच होती, याची जाणीव ठेवावी लागते.

४

गंधाच्या बाबतीत काला अंबची रचना अधिक गुंतागुंतीची आहे, कारण येथे मुख्य वस्तू अनुपस्थित आहे. ज्या आंब्याच्या झाडावरून नाव पडले ते झाड आज नाही. रक्ताने भिजलेल्या मातीमुळे झाड काळवंडले, असे लोक सांगतात. त्याच्या फळांतून तांबडा रस निघत असे, असेही सांगतात. झाड वठल्यावर त्याच्या लाकडाची दारे करण्यात आली, हीही एक हकीकत ऐकायला मिळते.

या आख्यायिकेकडे साहित्याभ्यासकाने सत्य-असत्याच्या पलीकडे जाऊन पाहावे. आंब्याच्या देठाचा चीक सालीवर सांडला की साल काळी पडते, आणि तो हाताला लागला तर कातडीही भाजते, हे कोकणातील प्रत्येक बागायतदार जाणतो. तुडतुड्यांनी सोडलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढून पानेच्या पाने काळी होतात, हेही त्याला ठाऊक असते. म्हणजे काळ्या पडलेल्या आंब्याचे दृश्य निसर्गात नवलाचे नाही. नवल आहे ते लोकमनाने त्या काळेपणाला दिलेल्या अर्थाचे. संस्कृत कविसंकेतात आम्रमंजरी हा मदनाच्या पाच बाणांपैकी एक आहे. मोहोर, कोकिळा, मलयवात आणि भ्रमर हे सारे शृंगाराचे उद्दीपन विभाव. आपल्या परंपरेत बागेचा नाद, गंध आणि स्पर्श जवळजवळ नेहमी शृंगाराच्या सेवेस लावलेले आहेत. काला अंबच्या आख्यायिकेने या संकेताची सर्वांत प्रिय वस्तू उचलली आणि ती उलटी केली : मोहोर येण्याच्या सुमारास झालेले युद्ध, सुवासाऐवजी रक्त, पिवळ्या रसाऐवजी तांबडा रस. अनाम लोकांनी रचलेली ही प्रतिमा करुणाचे उद्दीपन म्हणून कोणत्याही कवीच्या प्रतिमेइतकी समर्थ आहे. शिवाय ती डोळ्यांपुरती थांबत नाही. फळ हातात घेणे, हुंगणे, चोखणे या क्रियाच तिने अशक्य करून टाकल्या. जे फळ खाता येत नाही असे फळ, हा दुःखाचा जिभेपर्यंत पोहोचलेला अनुवाद आहे.

युद्धकथनातही गंध आहे, पण तो वाचताना आपण पुढे सरकतो. १७६० च्या नोव्हेंबरपासून अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपताशी कोंडली गेली. दाणा-वैरण तुटली, जनावरे मेली, आणि एवढ्या माणसांच्या व मृत जनावरांच्या दाटीत छावणीत दुर्गंध साचला. अखेरचा निर्णय उपासमारीने घडवला हे सर्वच अभ्यासक सांगतात. त्या निर्णयात या कोंदट हवेचाही वाटा असणार. मोकळ्या मैदानात मरण आले तरी चालेल, पण येथे नको, ही भावना बुद्धीइतकीच नाकाचीही असते. स्मारकांच्या भाषेत ‘शौर्य’ हा शब्द येतो तेव्हा ही देहाची बाजू पुसली जाते.

आजचे पानिपत गंधांनी समृद्ध आहे, पण ते गंध निराळे आहेत. सूत रंगवण्याच्या कारखान्यांचा उग्र रासायनिक वास, बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याभोवती गुलाबाचा व अगरबत्तीचा वास, कार्तिकाच्या सुमारास भाताचे खुंट जाळल्याचा धूर, आणि बाजारात लोणच्याचा वास. पानिपतचे पचरंगा लोणचे उत्तर भारतात प्रसिद्ध आहे, आणि ते फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून उखडून आलेल्या माणसांनी येथे रुजवले. कैरी हा त्याचा एक मुख्य घटक. एका आख्यायिकेतील आंबा खाण्याजोगा उरला नाही, त्याच गावात दुसऱ्या एका उद्ध्वस्त समूहाने आंबा मीठ-मोहरीत मुरवून टिकवला, ही जुळणी योगायोगाची आहे. तरीही काला अंबच्या कोणत्याही सांस्कृतिक वाचनात तिला स्थान मिळायला हवे. पराभवाच्या स्मृती जशा स्तंभात राहतात तशा बरणीतही राहतात.

५

स्पर्शाचा विचार करताना ऋतू टाळता येत नाही. महाराष्ट्रातून येणारा माणूस येथे बहुधा जानेवारीत येतो. त्या दिवसांत यमुनेच्या या खोऱ्यात दाट धुके असते, ऊन उशिरा आणि फिकट पडते. कुंपणाच्या लोखंडाला हात लावला की गारठा तळहातातून कोपरापर्यंत चढतो. गवत दुपारपर्यंत ओले असते, त्यामुळे बसता येत नाही; बाकाचा दगडही देहाला दूर ढकलतो. उद्यान म्हणून ही जागा या दिवसांत फारशी सुखाची नाही, आणि नेमके त्यामुळेच वाचन म्हणून सर्वांत प्रामाणिक आहे. दख्खनच्या हवेत वाढलेले, पुरेशा उबदार वस्त्रांविना आणि पुरेशा अन्नाविना याच गारठ्यात उभे राहिलेले सैन्य कसे असेल, हे येथे कोणत्याही शिल्पावाचून कळते. नैयायिकांनी स्पर्शाचे शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत असे तीन प्रकार सांगितले. त्यांपैकी पहिला प्रकार पानिपताच्या मराठी कथनांत वर्णन म्हणून येतो. येथे तो प्रमाण म्हणून येतो.

स्थानिक माणसाचा स्पर्शानुभव वेगळ्या ऋतूंचा आहे. फाल्गुनात गव्हाची शेते पिवळी होऊ लागतात तेव्हा संध्याकाळचा वारा, ज्येष्ठात लू वाहताना झाडाखालची सावली, पहिल्या पावसानंतर अनवाणी पायांना लागणारे गवत. बागेची गोडी या स्पर्शांच्या नित्य पुनरावृत्तीतून वाढते. एकदाच येणाऱ्याला स्थळ दिसते, वारंवार येणाऱ्याला ते लागते. ‘लागणे’ या मराठी क्रियापदात स्पर्श, इजा, ओढ आणि सवय हे चारही अर्थ आहेत, आणि काला अंबच्या दोन प्रकारच्या वाचकांतील भेद त्या अर्थांच्या निवडीत आहे.

पानिपतच्या स्पर्शाविषयी आणखी एक गोष्ट. येथील ब्लँकेटे देशभर जातात. त्यांतील कित्येक परदेशांतून आलेल्या टाकाऊ लोकरी कपड्यांचे धागे पुन्हा कातून विणलेली असतात. महाराष्ट्रातील अनेक घरांत थंडीच्या रात्री अंगावर असते ते पानिपतचेच कापड. ज्या गावाचे नाव आपल्या भाषेत सर्वनाशाला समानार्थी झाले, त्याच गावाची ऊब आपण नकळत घेत आलो आहोत. पुस्तकांतील पानिपत आणि अंगावरचे पानिपत यांची भेट मराठी साहित्यात अद्याप झालेली नाही.

६

तुलनेसाठी पानिपतातच एक जुने उद्यान आहे. २१ एप्रिल १५२६ च्या विजयानंतर बाबराने येथे काबुली बाग आणि मशीद उभारली. मशीद आजही आहे. हिंदुस्थानाविषयी बाबराच्या आत्मचरित्रातील तक्रारी प्रसिद्ध आहेत. उष्णता, झोंबरा वारा आणि धूळ या तिन्हींनी त्याला जेरीस आणले होते. म्हणजे या तक्रारी मुळात त्वचेच्या आहेत, आणि बाग, वाहते पाणी व हमामखाना हा त्याने काढलेला उपायही त्वचेसाठीच आहे. याच बाबराने आंब्याविषयी लिहिताना तो खाण्याच्या दोन रीती नोंदवल्या : एक, फळ माचून मऊ करून छिद्रातून रस चोखणे, दुसरी, साल काढून गर खाणे. जिंकलेल्या भूमीशी त्याची तडजोड हात आणि जीभ यांच्या मार्गाने झाली. विजेत्याची बाग भूमीला स्वतःच्या देहासाठी सोयीची करते. काला अंब ही पराभूतांच्या नावाने असलेली बाग आहे, आणि तिच्यात असा अधिकार कोणीही बजावलेला नाही. तिची सोय त्या गावच्या लोकांनी आपापल्या वापरातून केली. माझ्या मते हेच तिचे नैतिक मोल आहे.

दुसरे उदाहरण अमृतसरच्या जालियनवाला बागेचे. तेथील अरुंद बोळ हा त्या स्थळाचा सर्वांत बोलका भाग होता. दोन्ही खांद्यांना भिंती जवळ येत, पावलांचा आवाज घुमत असे, आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये माणसे का अडकली हे देहाला समजत असे. २०२१ साली नूतनीकरण झालेले संकुल खुले झाले, तेव्हा त्या बोळाच्या भिंतींवर उठावशिल्पे आली होती, आणि प्रकाश-ध्वनीच्या कार्यक्रमाची जोड मिळाली होती. अनेक इतिहासकारांनी त्यावर टीका केली. त्या टीकेतील सौंदर्यशास्त्रीय मुद्दा असा, की जिथे स्पर्श बोलत होता तिथे डोळ्यांसाठी मजकूर लिहिला गेला. माहिती वाढली, अनुभव घटला.

तिसरे उदाहरण पूर्णतः नागरी आहे. न्यूयॉर्कमधील पेली पार्क ही १९६७ साली खुली झालेली जागा जेमतेम चारशे चौरस मीटरची आहे. मागील बाजूस वीस फूट उंचीची पाण्याची भिंत, वर पातळ पानांच्या झाडांची छाया, आणि खाली हलक्या, हव्या तिकडे सरकवता येणाऱ्या खुर्च्या. पाण्याच्या आवाजाने रस्त्याचा कोलाहल झाकला जातो. खुर्ची उचलून दोन हात बाजूला ठेवता येते एवढ्यानेच माणसाला जागा आपली वाटते. विल्यम व्हाइट यांनी १९८० सालच्या पुस्तकात शहरांतील छोट्या जागांचा अभ्यास मांडताना बसण्याच्या सोयीला, पाण्याला आणि अशा हलवता येणाऱ्या खुर्च्यांना जे महत्त्व दिले, ते याच निरीक्षणातून. छोट्या उद्यानात सुख मिळते ते भव्यतेतून मिळत नाही. कान, नाक आणि त्वचा यांच्या आवाक्यातील अंतरांमधून मिळते. डोळा अर्धा कोस पाहू शकतो, मोहोराचा गंध तीस पावलांवर विरतो, आणि स्पर्शाला तर अंतरच चालत नाही. यावरून असे म्हणता येईल, की स्मारक जितके डोळ्यांसाठी मोठे होते तितके ते उरलेल्या इंद्रियांच्या हातून निसटते.

७

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. जिथे एका दिवसात हजारोंची कत्तल झाली त्या भूमीवर ‘आनंदा’ची, ‘आस्वादा’ची भाषा करणे उचित आहे काय? मुलांनी तिथे चेंडू खेळावा, जोडप्यांनी बसावे, कुणी शेंगा खाव्यात, हे विस्मृतीचे लक्षण नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर आपल्याच रसविचारात आहे. शोक हा स्थायिभाव दुःखद असून करुणरस आस्वाद्य कसा, या प्रश्नाची चर्चा अभिनवगुप्तापासून मराठी समीक्षकांपर्यंत सर्वांनी केली आहे. त्या चर्चेचा निष्कर्ष काहीही असो, आस्वाद आणि शोक एकमेकांना वगळतात असे कोणी म्हटलेले नाही. दुसरे असे, की खेळणाऱ्या मुलाने काहीही विसरलेले नाही. ती स्मृती त्याला कोणी दिलीच नव्हती. त्याला ती द्यायची असेल तर खेळ थांबवून देता येणार नाही. ज्या झाडाखाली तो खेळतो त्या झाडाच्या नावाने ती देता येईल. आणि तिसरे असे, की या भूमीत केवळ मराठे पडलेले नाहीत. अफगाण, रोहिले, गारदी, बाजारबुणगे, यात्रेकरू स्त्रिया आणि आसपासच्या गावांतील माणसे यांचेही देह याच मातीत आहेत. घोषणेला बाजू असते. गंधाला आणि गारठ्याला ती नसते. इंद्रियांनी केलेले वाचन म्हणूनच अधिक समावेशक ठरते.

मात्र या भूमिकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. केवळ इंद्रियांवर विसंबले तर काला अंब आणि इतर कोणतीही हिरवळ यांत फरक उरणार नाही. गारठा मराठा सैन्याची आठवण देतो तो बखरी आणि कादंबऱ्या वाचलेल्यालाच. गंध आणि स्पर्श यांना स्वतःचा इतिहास सांगता येत नाही. त्यांना शब्दांची सोबत लागते. म्हणून फलक नकोत, शिल्पे नकोत, असे या निबंधाचे म्हणणे नाही. शब्दांनी किती बोलावे आणि कुठे थांबावे, हा विवेकाचा प्रश्न आहे. मर्ढेकरांच्या भाषेत तो समतोलाचा प्रश्न म्हणता येईल.

तेव्हा नव्या स्मारकाची आखणी करणाऱ्यांपुढे समीक्षेने काही साध्या गोष्टी ठेवायला हरकत नाही. पहिली गोष्ट आंब्याची. ज्या स्थळाचे नावच आंबा आहे तेथे गावठी आंब्याची राई असावी. माघ-फाल्गुनात मोहोराचा वास यावा, ज्येष्ठात फळे पडावीत आणि ती मुलांनी उचलावीत. दुसरी गोष्ट आवाजाची. ध्वनिवर्धकाला वर्षातील एक दिवस पुरेसा आहे. उरलेल्या दिवसांत पक्ष्यांच्या आणि शेताच्या आवाजाला हात लावू नये. तिसरी गोष्ट कुंपणाची. स्तंभापर्यंत हात पोहोचत नसेल तर तो केवळ पाहण्याची वस्तू होतो; त्याच्या विटांना स्पर्श करता यावा, निदान त्याच विटांचा एक कट्टा बसायला असावा. चौथी गोष्ट भाषेची. फलकावर मराठी आणि हिंदीबरोबर हरियाणवीही असावी, आणि तिच्यात ‘काळा’ हा शब्द ‘ळ’ने लिहिलेला असावा.

या सूचना खर्चाच्या नाहीत. त्यामुळेच त्या मागे पडण्याची भीती अधिक आहे. पंचवीस फुटी अश्वारूढ पुतळ्याचे छायाचित्र निघते, मोहोराच्या वासाचे निघत नाही. पण छायाचित्र पाहून कोणी त्या भूमीवर पुन्हा येईलच असे नाही, आणि स्मृतिस्थळाची खरी परीक्षा माणसे तिथे दुसऱ्यांदा येतात की नाही, हीच आहे. आज काला अंबला दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, शंभराव्यांदा येणारी माणसे आसपासच्या गावांतील आहेत. अडीचशेहून अधिक वर्षे या मातीची राखण त्यांनीच केली, बहुतेकदा ती कुणाची माती आहे हे न विचारता. त्यांची संध्याकाळ अबाधित राहील असे स्मारक झाले, तरच त्याला मराठ्यांचे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचेल.